मधली

७ ऑक्टोबर

ताई,

'कशी आहेस' हे विचारायचं कारण नाही. तू कशी आहेस ते मला शेजारच्या काकू सांगतात. त्यांना तू दर रविवारी फोन करतेस, मला करत नाहीस. बरोबरच आहे, मी उचलला नसता.

कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवते आहे. फोनवर बोलायचं तर तू पहिल्याच मिनिटाला रडशील, मग मला समजूतदार व्हावं लागेल, आणि ते आता या वयात झेपत नाही. मेसेजमध्ये भांडण नीट होत नाही. ऐन रंगात आलेलं असताना समोरचा अंगठा पाठवून मोकळा होतो.

कामाचं सांगते. बाबांचा शेवटचा पूल पुरा झाला. मार्चमध्ये ते गेले तेव्हा पलीकडच्या काठाचे, खांबांमधले दोन गाळे व्हायचे होते, तेही झाले. परवा साइटवरच्या इंजिनियर बाई घरी आल्या. दुसऱ्याचं बाळ मांडीवर घ्यावं तसं हेल्मेट घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "उद्घाटनाच्या आधी सरांची गाडी पुलावरून जावी अशी साइटवर सगळ्यांची इच्छा आहे. सर म्हणायचे ना, आधी घरची माणसं, मग जग."

मी म्हटलं, "जाईल की."

मग त्यांना मी ती सगळी पद्धत समजावून सांगितली. त्यांना ती पाठ होती, पण मला सांगायला आवडते. आधी खडीनं भरलेले ट्रक पुलावर उभे करायचे, पूल किती वाकला ते मोजायचं, ट्रक काढल्यावर किती वर आला तेही मोजायचं. सगळ्या सह्या झाल्या की बाबा घरी येऊन फक्त "चला" म्हणायचे. आणि आपण चौघं गाडीत बसून, माणूस चालतो त्या वेगानं, या काठावरून त्या काठाला. ज्यानं बांधला त्याच्या बायकापोरांनी आधी जायचं, म्हणजे हिशेब चोख. बाबा स्टिअरिंगवर, शेजारी तू. मागे आई (ती होती तोवर) आणि मी. "तुमच्या पुलावर माझा विश्वास आहे, तुमच्या ड्रायव्हिंगवर नाही," असं म्हणून आई जे डोळे मिटायची ते पलीकडे जाऊनच उघडायची.

गाडीला मधली का म्हणतात तेही बाईंनी विचारलं. सांगितलं. मोठी मुलगी झाली, मग ही गाडी आली, मग मी आले. मोठी, मधली, धाकटी. बाई हसल्या. लोक नेहमी हसतात. आपला नंबर एका गाडीच्या नंतर लागला हे ऐकून मला मात्र पन्नास वर्षांत एकदाही हसू आलेलं नाही.

तर गाडी कायद्यानं तुझी. पंच्याहत्तराव्या वाढदिवशी बाबांनी चारचौघांत जाहीर केलं, "मधली मोठीकडे जाईल," आणि तू म्हणालीस, "अहो बाबा, मी कुठे नेऊ ती? हिलाच द्या ना." नकोच होती तुला. भूक नसलेल्या माणसाच्या पानात सगळ्यात आधी वाढायचं, आणि त्यानं 'अर्धंच द्या' म्हणत ते शेजारणीच्या ताटात ढकलायचं. त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोलले नाही. तुला कारण कळलं नाही असं तू काकूंना सांगितलंस. घे, कळवलं.

बाबा गेल्यावर तू आलीस, चार दिवस राहिलीस. आपण टॉवेल कुठे ठेवलेत या विषयावर बोललो. येणारे लोक तुला जवळ घेऊन रडायचे आणि मला विचारायचे, "चहा ठेवतेस का गं?"

असो. गाडी पुलावरून न्यायला तुझी परवानगी हवी. एका ओळीत चालेल. गाडी उत्तम आहे.

मागच्या सीटवरून,
धाकटी


१३ ऑक्टोबर

ताई,

तुझं उत्तर मिळालं. 'परवानगी कसली विचारतेस. ने. सुरू होते ना?'

हे 'सुरू होते ना' मला आवडलं नाही. माझी गोष्ट निघाली की तू असंच करतेस. मी स्वयंपाक केला म्हटलं की 'जमला का?', लग्न केलं म्हटलं की 'टिकेल ना?' (तेव्हाचा तुझा अंदाज बरोबर ठरला, ते सोड.)

सध्या माझ्यापुढे वेगळंच संकट आहे. बाबांच्या आठवणींचं एक पान लिहून द्या म्हणून दोघे मागे लागलेत. पूल बांधणारी कंपनी एक अंक काढते आहे आणि जुन्या गाड्यांचा क्लब दुसरा. कंपनीचे लोक म्हणतात, गाडीचं जरा कमी करा, अंक तांत्रिक आहे. क्लबचे अध्यक्ष म्हणतात, पुलांचं कशाला, आमचे वाचक कंटाळतात. एकाला गाडी नको, दुसऱ्याला पूल नको. मुली कुणालाच नकोत.

अध्यक्ष तुला आठवतात ना? पॉलिश. बाबांनीच ठेवलेलं नाव. स्वतःच्या गाडीला पांढरे हातमोजे घालून हात लावणारे. ती गाडी ते वर्षातून एकदा बाहेर काढतात, तीही ट्रेलरवर चढवून, आणि प्रदर्शनात उतरवून पुन्हा चढवतात. "ट्रेलरवरची गाडी म्हणजे स्ट्रेचरवरचा नवरदेव," बाबा म्हणायचे, पॉलिश समोर असतानाच. पॉलिश हसायचे. मला वाटायचं, माणूस मनमिळाऊ आहे. आता कळतं, साठवत होता.

लिहायला बसले की मला एकच गोष्ट सुचते, ती दोन्ही अंकांत बसत नाही. डोंगराकडच्या त्या पुलाची. काँक्रीटमध्ये पाणी जास्त पडलंय असं बाबांचं म्हणणं, आणि कंत्राटदाराचं म्हणणं, आज स्लॅब झालाच पाहिजे. सकाळी काँक्रीटची वाहनं रांगेनं आली तर चढावर मधली आडवी उभी. आत बाबा, पेपर वाचत. कंत्राटदारानं काचेवर टकटक केली. बाबांनी काच दोन बोटं खाली घेतली आणि म्हणाले, "गाडी बंद पडलीय. जुनी आहे, काय करणार." दिवसभर ती बंदच होती. संध्याकाळी काँक्रीट दगड होऊन फेकून द्यावं लागलं, तेव्हा मधली पहिल्या झटक्यात सुरू झाली. कंत्राटदार पुढे वीस वर्षं त्यांच्याबरोबरच काम करत होता. म्हणायचा, "साहेबांची गाडी बघून मला अजून घाम फुटतो."

आणि ती आली कशी तेही लिहायचंय. बाबा आईला म्हणाले होते, मोठीसाठी पाळणा आणतो. एका म्हाताऱ्या डॉक्टरांच्या अंगणात ही गाडी कोंबड्यांच्या ताब्यात होती. संध्याकाळी साइटच्या ट्रॅक्टरनं ओढत आणली. आई साइटवरच्या आपल्या तंबूच्या दारात उभी. "पाळण्याला चार चाकं कशाला?" एवढंच बोलली. मागच्या सीटखाली अंडी निघाली, ती मात्र ठेवून घेतली.

बाबांना पूल सुंदर वगैरे कधी वाटला नाही. सगळ्यात मोठी शाबासकी म्हणजे "बसला." खांब बसला, गाळा बसला. गाडीचं इंजिन दुरुस्त झालं की "बसलं." तू इंजिनियर झालीस तेव्हा पेढ्यांसारखं वाटत फिरले, "आमची मोठी बसली." माझं पहिलं पुस्तक आलं. विनोदी होतं, लोक पोट धरून हसत होते. बाबा म्हणाले, "वाचलं."

वाचलं. म्हणजे ते वाचले की पुस्तक वाचलं, हे विचारायचं राहून गेलं.

धाकटी

ता. क. समजा एखाद्याला मधली सुरू करायची असेल, तर साधारण काय काय करतात? मला नव्हे. बाईंनी सहज विचारलं.


१९ ऑक्टोबर

ताई,

ठीक आहे. सुरू होत नव्हती.

बाबा गेल्यापासून होत नव्हती. चावी फिरवली की आतून कुणीतरी खाकरल्यासारखं करायचं आणि गप्प. बाबांच्या मेकॅनिकला फोन केला, तर म्हणाला, "ताई, तुमच्या वडिलांनी मला त्या गाडीचं बॉनेट कधी उघडू दिलं नाही. नुसता जवळ गेलो तरी हातातला पाना काढून घ्यायचे." पॉलिशना कुणकुण लागलीच. बाईंना त्यांनी परस्पर सांगितलं, "काळजी करू नका, आपण सरांची गाडी माझ्या ट्रेलरवर चढवून पुलावरून नेऊ. फुलांनी सजवू." बाईंनी मला विचारलं, "चालेल का?" बाबांना स्ट्रेचरवर घालून त्यांच्याच पुलावरून मिरवायचं, वर पॉलिशचे हातमोजे. मी म्हटलं, "गाडी आपल्या पायांनी जाईल." म्हटलं खरं, आणि घरी येऊन पंख्याखाली बसले.

तुझी सूचना आली. पहिल्यांदाच तू चार ओळींपेक्षा जास्त लिहिलंस, आणि तेही पेट्रोलच्या नळाबद्दल. 'डाव्या सीटखाली हात घाल, पितळी नळ आहे, तो उघड. चोक दोन बोटं ओढ. पेडल तीनदा दाब, मग थांब, घाई करू नकोस. चावी. मग टाचेनं खालचं बटण.'

काल दुपारी गॅरेजचं दार लावून घेतलं, म्हणजे फजिती झालीच तर आपल्यापुरती. सीटखाली हात घातला. नळ होता. आयुष्यभर मी ज्या गाडीत बसते आहे तिला पितळी नळ आहे हे मला पन्नाशी उलटल्यावर, परदेशातून कळलं. उघडला, ओढलं, दाबलं, थांबले. टाच मारली. आणि ती सुरू झाली, ताई. पहिल्या झटक्यात. अख्खं गॅरेज धुरानं भरलं, फळीवरचे डबे थडथडायला लागले, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी इतका राग आला की मी ती बंदच करून टाकली.

तुला बाराव्या वर्षापासून माहीत होतं. दर रविवारी मी व्हरांड्याच्या पायरीवर बसायचे आणि गाडीखालून बाहेर आलेल्या पायांच्या दोन जोड्या बघायचे. एक मोठी, एक लहान. मधूनच खालून तुमचं हसू यायचं. मी वाकून विचारलं, "काय झालं?" तर बाबा म्हणायचे, "काही नाही, धाकटे, तेल सांडेल अंगावर, लांब हो." तुझ्या अंगावर सांडलेलं चालायचं. तुझा तो काळा डागांचा फ्रॉक आईनं टाकून दिला तेव्हा मी तो कचऱ्यातून काढून एकदा घालून बघितला होता. हे तुला सांगायचं नव्हतं, पण आता लिहून झालं आणि शाईचं पेन आहे.

आणि पुढची सीट. प्रत्येक पुलावर, प्रत्येक वेळी, तू पुढे. मी मागे आईच्या शेजारी, थर्मासच्या बरोबरीनं. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा. पलीकडे पोचलं की बाबा मान वळवून मला विचारायचे, "काय धाकटे, काय म्हणतो पूल?" आठवतं? पुलाच्या गाळ्यांमध्ये जी फट ठेवतात, वर लोखंडी पट्टी असते, तिच्यावरून चाकं गेली की टक-टक वाजायचं. मी सांगायचे, "टक-टक म्हणतो." बाबा मान डोलवायचे. एकदा, मी नऊ वर्षांची असेन, मी सांगितलं, "तिसऱ्याला टणक वाजलं." त्यांनी गाडी थांबवली, दोन माणसं बोलावली आणि ती पट्टी उघडायला लावली. मी फुगून टम्म. तर त्या दिवशी झोपताना तू मला सांगितलंस, "अगं, ते तुझी समजूत काढायला विचारतात. पुढे बसू देत नाहीत ना, म्हणून."

तेव्हापासून मी उत्तर द्यायचे, पण मनातून कळलेलं असायचं. लहान मुलाच्या हातात वाजत नसलेला खुळखुळा देतात तसा तो प्रश्न होता.

शेवटी तू विचारलंयस, 'मी येऊ का?' नको. तू आलीस की तू स्टिअरिंगवर बसणार, बरोबरच आहे, गाडी तुझी, हात तुझे, नळ तुझा. बाई तुझ्याशी इंजिनियरांच्या भाषेत बोलणार. फोटोत तू. आणि मी मागे थर्मास धरून. एक पूल माझ्या वाट्याला येऊ दे. तुझ्याकडे पुष्कळ झाले.

धाकटी


२६ ऑक्टोबर

ताई,

तुझा मेसेज चार वेळा वाचला. उत्तर द्यायला उशीर झाला कारण दरवेळी मला वेगळाच राग येत होता. तुझेच शब्द तुला परत पाठवते, म्हणजे तुला कळेल की कसे दिसतात:

'धाकटे, पुढचं डावीकडचं दार लागायचं नाही. बाबांनी मला पुढे बसवलं ते दार धरायला. हँडलला सुतळी बांधलेली होती, ती मी दोन्ही हातांनी ओढून धरायचे. दाराकडे बघत. एकाही पुलावरून मला नदी दिसलेली नाही. पलीकडे गेल्यावर ते मागे वळून तुला विचारायचे पूल काय म्हणतो. मला विचारायचे, सुतळी सुटली नाही ना? समजूत काढतात वगैरे मी जळून म्हणाले होते.'

जाऊन बघितलं. सुतळी अजून आहे. काळी कुळकुळीत, टोकाला गाठ. दार खरंच लागत नाही. नद्यांवर पूल घालणाऱ्या माणसाला घरच्या गाडीचं दार बसवता आलं नाही. का, ते मला माहीत आहे, आईला सांगताना ऐकलंय: दाराची लाकडी चौकट खाली बसली होती, ती बदलायची तर नवं लाकूड घालावं लागणार. "मूळचा भाग आहे. मूळचं काढायचं नसतं." आई म्हणाली, "आणि मुलगी पडली म्हणजे?" बाबा म्हणाले, "मोठी घट्ट धरते."

तर आता माझं ऐक. पहिली गोष्ट, चाळीस-बेचाळीस वर्षं मी ज्या सीटवर जळले, ती दार धरायची नोकरी निघाली. एवढं जळण मी फुकट खर्च केलं, त्यात एखाद्या गावाचा हिवाळा निघाला असता. दुसरी गोष्ट, तू जळत होतीस. तू. या घरात जळायचं खातं माझ्याकडे होतं, ताई. पुढची सीट तुझी, गाडी तुझी, 'बसली' तुझं, निदान हेवा तरी माझ्या एकटीचा असेल अशी माझी समजूत होती. त्यातही तू वाटेकरी निघालीस, आणि मला न सांगता.

तिसरी गोष्ट, माझा विश्वास बसलेला नाही. तू आता पुलांची मोठी तज्ज्ञ, मी पेपरात लोकांची टोपी उडवणारी. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीला 'तुझंही काम महत्त्वाचं होतं' असं म्हणायला काही खर्च येत नाही. मी असं म्हणणाऱ्या लोकांवर दर आठवड्याला लिहिते.

गाडी जमते आहे. रोज दुपारी गल्लीतून एक फेरी मारते. गिअर टाकताना जो आवाज येतो त्यानं काकूंचं कुत्रं भिंतीच्या पलीकडे जाऊन बसतं. काकू म्हणाल्या, "तुझे वडील चालवायचे तेव्हा हे झोपायचं." प्रत्येकाला तुलना करायला मीच सापडते.

येत्या रविवारी सकाळी न्यायची आहे. पॉलिशनी पुढच्या सीटवर बसू देण्याची विनंती केली आहे, क्लबच्या अंकात फोटो हवाय. मी हो म्हटलं. इतक्या पटकन हो म्हटलं की त्यांना संशय आला.

धाकटी


३ नोव्हेंबर

ताई,

काल झालं. नीट क्रमानं लिहिते, नाहीतर तू मधलं विचारत बसशील.

सकाळी पूल धुतलेला होता. साइटवरची सगळी माणसं दोन्ही बाजूंना उभी होती, पिवळ्या हेल्मेटांची रांग. कुणी भाषण केलं नाही, बाबांनी तेवढं तरी वळण लावून ठेवलंय. बाई आल्या, त्यांनी दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून हेल्मेट मागच्या सीटवर टाकलं आणि गाडीच्या पुढे पायी चालायला लागल्या.

पॉलिश पांढरे हातमोजे घालून आले, पुढे बसले, टाय नीट केला. मी त्यांच्या हातात सुतळी दिली.

"हे काय?"

"दार धरायचं. दोन्ही हातांनी. मूळचा भाग आहे."

ताई, माझ्या आयुष्यात मी कुणाला काही इतक्या प्रेमानं दिलेलं नाही. फोटोत ते सुतळी ओढताना आलेत, तोंड दाराकडे. नदी त्यांनाही दिसली नाही.

नळ, चोक, पेडल, टाच. सुरू झाली. निघालो. मी कान टवकारून बसले होते. तू कितीही समजूत काढलीस तरी खरं काय ते पूलच सांगेल असं मी ठरवलं होतं. पहिल्या फटीवर टक-टक वाजेल, ते मी इकडून, बाबांच्या जागेवरून ऐकेन, म्हणजे सिद्ध होईल की त्यांनाही ऐकू येत होतं आणि प्रश्न नुसता खुळखुळा होता.

काही ऐकू आलं नाही.

समोर इंजिन घोरत होतं, बॉनेट थरथरत होतं, पायाखालचा पत्रा झांजेसारखा वाजत होता, दार सुतळीच्या टोकाला धडधडत होतं. पहिली फट कधी गेली मला कळलं नाही. दुसरी डोळ्यांनी बघितली, वरून गेले, आवाज नाही. मी पुढे वाकले, डोकं काचेच्या बाहेर काढलं. पॉलिश ओरडले, "समोर बघा." सगळा पूल संपला आणि मला इंजिनाशिवाय काहीही ऐकू आलं नाही.

पलीकडच्या काठावर गाडी थांबवली. बाई खिडकीशी आल्या, घामेजलेल्या, आणि हसत म्हणाल्या, "काय म्हणतो पूल?"

त्यांनी बाबांचंच वाक्य घेतलं होतं. आणि माझी मान वळली, ताई. मी वळवली नाही, ती वळली, बाबांची वळायची तशी, उजव्या खांद्यावरून मागे. मागच्या सीटवर कुणी नव्हतं. एक हेल्मेट पडलेलं होतं.

बाबांना ऐकू येत नव्हतं. तिथून ऐकूच येत नाही. ते खरंच विचारत होते.

पॉलिशनी सुतळी खाली ठेवली, हातमोजे काढले (तळवे लाल झाले होते) आणि हळूच म्हणाले, "मी चालवू का परत? तुमच्या वडिलांनी मला कधी दिली नाही." माणूस वाईट नाही. नीट बघितलं तर त्यालाही कुणाच्या तरी पुढच्या सीटचीच हाव होती. बाईंनी सुतळी धरली. मी मागे गेले. उजवीकडची माझी जागा. सीटमधली ती एक स्प्रिंग अजून तिथेच टोचते.

मागच्या चाकांवर बसलं की पूल थेट पाठीच्या कण्यातून वर येतो. टक-टक. हे मी इतक्या वर्षांत विसरले होते. पॉलिशनी निघताना "ऐका हां," म्हटलं, पुढे त्यांना माझं बोलणं ऐकू जात नव्हतं, मी एकटीच बसून मोजत होते. पहिली फट टणक वाजली. काठापासूनची पहिली, बाबा गेल्यानंतर झालेल्या गाळ्यांमधली. दुसरी टक-टक. मग शेवटपर्यंत सगळ्या टक-टक. तिथून पुढचं बाबांच्या डोळ्यांदेखत झालेलं होतं.

उतरल्यावर मी बाईंना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी हातानं एकाला बोलावलं आणि पाना मागवला. पट्टीचे दोन बोल्ट आवळलेले नव्हते. "उद्घाटनाआधी निघतातच अशी बारीकसारीक कामं," म्हणाल्या. मी काही फार मोठा शोध लावलेला नाही, कुणी मिरवणूक काढली नाही. फक्त पट्टी पूर्ण काढून पुन्हा बसवायची आहे, आणि ती बसवली की बाबांच्या पद्धतीप्रमाणे घरची गाडी पुन्हा एकदा जायला हवी. तेवीस तारखेला, रविवारी.

गाडी तुला का दिली याचाही मी विचार केला. चालवणारीला गाडी दिली, ऐकणारीला गाडी कशाला. हे मी माझ्या समाधानासाठी लिहिते आहे. 'बसली' हा शब्द तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, गाडीखालचं हसणं तुझ्याकडे आहे, तो फ्रॉक मला झाला असता तरी माझा नव्हता. हेवा जागच्या जागी आहे, एका पुलानं जाईल इतका तो हलका नाही. त्याची काळजी करू नकोस.

ये. तिकीट काढ आणि ये. पॉलिश गाडी चालवतात ती पुसल्यासारखी, तिला बरं वाटत नाही. तू चालव. दार पॉलिश धरतील, मी विचारून ठेवलंय, ते स्वतःचे जाड हातमोजे आणणार आहेत.

पलीकडे पोचलीस की मागे वळून मला विचार.

धाकटी

ता. क. मागच्या सीटवर बसायचा हट्ट करू नकोस. ती दिलेली आहे.